रिकाम्या फरशीवरचा कुत्रा

३ मार्च

पोरी,

त्या नाटकातल्या कुत्र्याला खर्च किती आला होता, असं तू विचारलंस. तर घे हिशोब. पाचशे वॅटचा एक दिवा, तोही कुणाच्या तरी अंगणातून उतरवलेला. बिस्किटांच्या डब्याचं झाकण, खिळ्याने भोकं पाडलेलं. मधाच्या रंगाचा जिलेटिन कागद, वीतभर. मोडक्या खुर्चीचे पाय. आणि एक मित्र. पहिल्या चार वस्तू माझ्या गोदामात अजून आहेत. पाचवी परत आली नाही.

फोन उचलत नाही आणि पत्रं कसली लिहितो म्हणून हसू नकोस. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतेस आणि मागे तुझी बोटं दुसऱ्याच कुणाला तरी निरोप लिहीत असतात. टकटक ऐकू येते मला. कंबरेचं हाड मोडलंय, कान नाही. पत्र वाचताना माणसाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून पत्र.

आता कामाचं. तू तेच नाटक पुन्हा बसवते आहेस, तर गोष्ट तुला ठाऊकच आहे. बंद पडलेली गिरणी, तिथला म्हातारा पहारेकरी आणि त्याचा कुत्रा. म्हातारा रात्रभर कुत्र्याशी बोलतो, मुलाशी बोलायचं राहून गेलेलं सगळं त्याला सांगतो, आणि शेवटच्या अंकात कुत्रा मरतो. आमच्या दिग्दर्शकाने आधी खरा कुत्रा आणला होता. पहिल्याच तालमीत त्याने नटाकडे पाठ केली आणि भर प्रवेशात स्वतःला चाटत बसला. नाटककाराचं अख्खं स्वगत त्याने एका चाटण्यात खाल्लं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा इस्त्र्या दुरुस्त करणारा माणूस, नाटकात नुकताच शिरलेलो. म्हटलं, कुत्रा नको, मला दार द्या.

दाराखाली फट ठेवायची आणि दारामागे जमिनीलगत दिवा. माणूस आला की फटीतला उजेड दोन ठिकाणी तुटतो, कुत्रा आला की चार. खुर्चीचे पाय त्यासाठी. पुढचे दोन, मग मागचे दोन, आणि मागचा एक जरा रेंगाळत, कारण आमचा कुत्रा लंगडा होता. दार उघडलं की झाकणाच्या भोकांतून उजेड सरपटत आत येतो, म्हाताऱ्याच्या स्टुलाशी थांबतो आणि त्याच्या गुडघ्यावर नि डाव्या गालावर चढतो. बस्स. कुत्रा बसला. मग डिमरवर हात ठेवून उजेड किंचित वर, किंचित खाली. तो त्याचा श्वास. लोकांना कळताही कामा नये, पण त्यांचा स्वतःचा श्वास त्याच्या मागे जायला हवा.

आणि एक लक्षात ठेव. कुत्रा मरतो तेव्हा दिवा विझवायचा नाही. सगळे तीच चूक करतात. मेलेला कुत्रा नाहीसा होत नाही, तो तिथेच असतो. फक्त वर-खाली होणं थांबवायचं.

हे सगळं मी दारामागे पालथं पडून केलं. मला रंगमंच दिसत नव्हता. कानाने केलं.

चांगलं किती झालं होतं ते मी सांगणं बरं दिसत नाही, तरी सांगतो. एका प्रयोगाला पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी कुत्रा आत आल्यावर दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. चांगल्या जाड बाई होत्या, त्यांना ते सोपं नव्हतं. आणि ऐक, त्या दिवशी मी तिथे नव्हतोच! तापाने फणफणलो होतो. आमच्या नेपथ्याच्या सुताराने डिमर हाताळला, ज्याला डावं-उजवं सांगायला हात धरावा लागे. म्हणजे बघ, उजेड असा बसवलेला की सुताराच्या हातूनही कुत्रा जिवंत. वर्तमानपत्राने छापलं, 'या नाटकात उजेडाने भूमिका केली आहे'. कात्रण तुझ्या मामीने फ्रेम करून घेतलं होतं.

पहारेकरी कोण करतोय? फार मोठा नट हवा असं काही नाही. त्याने फक्त माझ्या उजेडाकडे बघायला हवं.

मामा

*

१७ मार्च

मामा,

तुझं पत्र तालमीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'आणि एक मित्र' एवढं गाळलं, कारण तो मित्र समोरच बसला होता.

आता चिडू नकोस. आई म्हणाली होती, मामाला सांगू नकोस, उगाच रक्तदाब वाढेल. पण दुसरं कोण करणार ते काम? तू ज्यांना खर्ज्या म्हणायचास ते अजून तसेच आहेत. पहिल्या वाचनाला त्यांनी कुत्र्याला नुसतं 'आलास?' म्हटलं आणि आमच्या चहावाल्याने कपबशा खाली ठेवल्या. खर्ज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सगळं काम पाठ. पुस्तक हातात धरतात, पण पान उलटत नाहीत.

पत्र वाचून झाल्यावर मी विचारलं, 'काका, बरोबर लिहिलंय ना मामाने?' ते म्हणाले, 'चांगलं लिहिलंय. बाईंचं वजनसुद्धा विसरला नाही.' एवढंच.

पण रंगमंचावर दिवे लागल्यापासून सगळं बिघडलंय. आमचे दिवे नवे आहेत, मामा. एलईडी, कॉम्प्युटरवर बसवलेले. तुझे खुर्चीचे पाय मी आकड्यांत बसवले, लंगडा पायसुद्धा. मागच्या रांगेतून बघते तर अंगावर काटा येतो. आणि काका भलतीकडेच बघतात. उजेड स्टुलाच्या डावीकडे येऊन बसतो आणि ते हातभर पुढे, जिथे काही नाही तिथे हात फिरवतात. एकदा तर उजेड आत येण्याआधीच 'आलास?' म्हणाले. मुलाचं काम करणारा आमचा तरुण नट फिस्सकन हसला, आणि मला त्याला बाहेर काढावं लागलं.

रोज प्रवेश सुरू व्हायच्या आधी मला विचारतात, 'दिवा लावलास का गं?' मी म्हणते, 'लावलाय काका.' 'मग असू दे,' म्हणतात. दुसऱ्या दिवशी तेच. दिवा ढळढळीत समोर लागलेला असतो! नव्या दिव्यांची टिंगल करतात की माझी, कळत नाही. परवा कुणीतरी स्टूल जरा सरकवलं तर एवढे भडकले की त्यांच्या मुलीला पुढे यावं लागलं. ती रोज त्यांना सोडायला येते आणि तालीम संपेपर्यंत शेवटच्या रांगेत बसून राहते, जसं काही आम्ही त्यांना पळवून नेणार आहोत.

सव्वीस एप्रिलला पहिला प्रयोग. निर्माता रोज विचारतो, म्हातारबुवांना झेपतंय ना? त्यांनी घरी सांगितलंय म्हणे, की हे शेवटचं काम, यानंतर चेहऱ्याला रंग लावणार नाही. तू त्यांना ओळखतोस. मी काय करू?

तुझी भाची

*

२२ मार्च

पोरी,

मला हसू आलं, मग राग आला, मग पुन्हा हसू आलं. रक्तदाब उत्तम आहे, आईला सांग.

'दिवा लावलास का गं?' अगं, हा टोमणा तुला नाही, मला आहे. तुझ्या तोंडून मला पोचवलाय. खर्ज्याचं हे जुनं दुखणं आहे. त्या नाटकाला बक्षीस मिळालं ते प्रकाशयोजनेला, अभिनयाला नाही. सत्काराला मला बोलायला उभं केलं. मी शिकलेला नाही, पण लोकांना हसवायला मला शिक्षण लागत नाही. म्हटलं, 'मी दिवा लावला नसता, तर आमचे हे नटसम्राट रिकाम्या फरशीशी बोलत बसले असते!' सभागृह असं हसलं म्हणतेस! अध्यक्षांचा चष्मा पडला. खर्ज्या तेवढा मान खाली घालून खुर्चीखाली चपला शोधत होता. विनोद त्याला कधी कळलाच नाही. त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं, मग राहिलं. मी मोठा झालो, माझे दिवे गावोगाव जायला लागले, आणि त्याला ते बघवलं नाही. जळणाऱ्याला काय, काडीही पुरते.

आता तुझ्यापुरतं. तो मुद्दाम करतोय. त्याला दाखवायचंय की माझ्या कुत्र्याशिवायही त्याचं चालतं. उजेड इकडे, तर हा बघणार तिकडे. म्हातारी माणसं अशीच असतात, मी रोज आरशात एक बघतो.

माझं ऐकशील तर नट बदल, कुत्रा बदलू नकोस. मुलाचं काम करणारा तो हसरा आहे ना, त्याला दाढी लाव आणि स्टुलावर बसव. सांगितलेल्या जागी बघेल तरी. मुलाला दुसरा कुणीही मिळेल, त्याला चारच तर वाक्यं आहेत. खर्ज्याला मात्र तोडून बोलू नकोस. मानाने बाजूला कर. म्हणावं, काका, तुमचा मान मोठा, तुम्ही पहिल्या रांगेत बसून आशीर्वाद द्या. धंद्यात मी कितीतरी जणांना असं मानाने बाजूला केलंय, एकानेही आवाज चढवला नाही.

आणि लवकर कर. दुखरा दात जितका उशिरा काढावा तितका जबडा सुजतो.

मामा

*

९ एप्रिल

मामा,

काढला दात.

तू लिहिलंस तसंच बोलले, अगदी तुझ्याच शब्दांत, कारण मला माझे सुचेनात. 'काका, तुमचा मान मोठा' म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी मान जरा तिरकी करून ऐकलं, लांबून गाणं ऐकू आल्यासारखी. पूर्ण बोलू दिलं मला. मग म्हणाले, 'बरं. पोराला स्टूल जरा उंच होईल, पाय कापून घ्या.' पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

मग म्हणाले, 'एकदा तो दिवा लाव, बाळा.' मी लावला. ते भिंतीला हात लावत लावत गेले आणि दारापाशी खाली बसले. त्या गुडघ्यांनी खाली बसणं म्हणजे काय ते बघवत नव्हतं. दिव्यापुढे दोन्ही तळवे धरले. थंडीत शेकोटीपुढे धरतात ना, तसे. बराच वेळ धरून ठेवले. मग म्हणाले, 'गार आहे.'

मला वाटलं, जाता जाता नव्या दिव्यांना नावं ठेवताहेत. तेवढ्यात त्यांची मुलगी धावत आली आणि त्यांना उठवून घेऊन गेली. उतरताना ते शेवटच्या पायरीवर अडखळले, तीच पायरी जी ते महिनाभर रोज उतरत होते. मुलीने मागे वळून माझ्याकडे एकदाच पाहिलं. मामा, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता तो हसरा मुलगा म्हातारा झालाय. दाढी शोभते. सगळं बरोबर करतो. ज्या जागी सांगितलं त्या जागी बघतो, ज्या शब्दाला सांगितलं त्या शब्दाला हात पुढे करतो. आणि तिथे कुणी नसतं. मी मागच्या रांगेत जाऊन बसते, बाजूला बसते, वर बाल्कनीत जाते. उजेड तोच, आकडे तेच, लंगडा पाय तोच. फरशीवर एक पिवळा डाग दिसतो आणि त्याच्याशी एक दाढीवाला मुलगा बोलतो. काका हातभर चुकीच्या जागी बघायचे, पण तिथे काहीतरी होतं. आता वाटतं, मी उजेडच हातभर सरकवायला हवा होता.

चहावाला कपबशा गोळा करत फिरतो. खाली ठेवत नाही.

तुझी भाची

*

१३ एप्रिल

पोरी,

हे पत्र मिळताच बाकीचं सोडून त्याच्या घरी जा. खर्ज्याला दिसत नाही.

मला कुणी सांगितलेलं नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि 'गार आहे' तिथे थांबलो. आमचा तो दिवा असा तापायचा की मी दारामागे ओला रुमाल डोक्याला बांधून बसायचो. प्रयोग संपला की खर्ज्या डावा गाल चोळत यायचा. म्हणायचा, 'दिवेवाल्या, तुझ्या कुत्र्याने आज भाजला रे मला.' एकदा चहा पिताना म्हणाला होता, 'मला आता बघावं लागत नाही. तो आला की मला गालाला कळतं.' मी ते थट्टेवारी नेलं. माझ्या दिव्याचं कौतुक म्हणून खिशात घातलं.

तुमचे दिवे थंड. त्याने महिनाभर तुझ्या रंगमंचावर तो कुत्रा गालाने शोधला. पुस्तक हातात धरून पान न उलटणारा माणूस. भिंतीला हात लावणारा. स्टूल सरकवलं म्हणून घाबरलेला, आणि तू लिहिलंस भडकलेला. 'दिवा लावलास का गं?' हा टोमणा नव्हता, पोरी. तो विचारत होता. लोकांपुढे, रोज, न लाजता विचारत होता, आणि दिसत नाही एवढंच सांगत नव्हता, कारण सांगितलं असतं तर तू काम काढून घेतलं असतंस. ते आपण तसंही काढून घेतलं.

गोदामात बल्बची तार तुटली तर मला शेजारच्या खोलीत ऐकू येते. आणि तू दोन-दोन पानं भरून सांगत होतीस ते माझ्या या कानांत शिरलं नाही, कारण मी त्यात माझंच नाव शोधत होतो.

जुना दिवा, झाकण, कागद सगळं पेटीत बांधून आजच मालट्रकने पाठवलंय. वायर नवी घातली आहे, बल्ब दोन जास्तीचे. दारामागे जमिनीलगत लाव. त्याला स्टुलावर बसव आणि काही बोलू नकोस. त्याचा गाल त्याला सांगेल. निर्मात्याने खळखळ केली तर माझं नाव सांग, पुढचं वर्षभर त्याच्या प्रत्येक नाटकाला माझे दिवे.

जा आधी.

मामा

*

२८ एप्रिल

मामा,

गेले होते. त्याच दिवशी. तुझं खरं निघालं. एक डोळा पूर्ण गेलाय, दुसऱ्याने माणसांच्या कडा तेवढ्या दिसतात. मुलगी म्हणाली, 'बाबांनी आम्हाला शपथ घातली होती. रोज घरी ओट्यापाशी स्टूल मांडून तालीम करायचे. मी शेगडी पेटवून डावीकडे ठेवायचे.'

मी पाया पडले, रडले, सगळं केलं. काम परत घ्या म्हटलं. ते म्हणाले, 'त्या पोराने दाढी लावली ना? वाक्यं पाठ केली?' मी हो म्हटलं. 'मग वाढलेल्या ताटावरून माणसाला उठवू नये. मला उठवलंत, ते झालं. आता त्याला उठवू नका.' मी खूप समजावलं, निर्माताही तयार होता. तो हसरा स्वतः गेला आणि म्हणाला, 'काका, मी सोडतो.' त्याला म्हणाले, 'मूर्खा, असं काम पुन्हा मिळत नाही. मला विचार.'

निघताना मला थांबवून म्हणाले, 'मानाने बाजूला करणं हे तुझं बोलणं नव्हे. हा सूर माझ्या ओळखीचा आहे.' मग 'त्याला सांगू नकोस मी ओळखलं म्हणून,' म्हणाले. पण मी आता कुणापासूनच काही लपवत नाही, मामा. लपवालपवीत एक कुत्रा मेला.

तुझी पेटी आली त्या दिवशी ते एकदाच थिएटरात आले. दिवा लावला. ते स्टुलावर बसले, डावा गाल पुढे केला आणि डोळे मिटले. मग त्या मुलाला समोर जमिनीवर बसवून म्हणाले, 'तू त्याच्याकडे बघतोस, तिथे चुकतं. आपल्या कुत्र्याकडे कोण बघतं रे? परक्याच्या कुत्र्याकडे बघतात. आपला असला की हात खाली सोडायचा, तो असतोच.' आणि बोलता बोलता हात खाली सोडला. मामा, मी डिमरवर होते. माझा हात आपोआप हलायला लागला.

परवा पहिला प्रयोग झाला. बरा झाला. टाळ्या मिळाल्या. तो मुलगा एकदाच, दुसऱ्या अंकात, न बघता हात खाली सोडून बसला, तेवढ्यापुरता कुत्रा आला होता. बाकी वेळ उजेड होता. शेवटी मी दिवा विझवला नाही, स्थिर ठेवला. आजच्या वर्तमानपत्रात प्रकाशयोजनेचं कौतुक आहे. कात्रण पाठवत नाही.

पहिल्या रांगेत डावीकडची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवली होती. ती रिकामी राहिली.

तुझी भाची

*

५ मे

खर्ज्या,

हे पत्र तुझी मुलगी वाचून दाखवेल. पोरी, शिव्या आल्या तर गाळू नकोस, पण येणार नाहीत. त्या मी स्वतःला देऊन संपवल्या.

माझ्या भाचीला तुला काढायचा सल्ला मी दिला. तुला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. मला वाटलं तू मला डिवचतोस. एवढ्या वर्षांत तू मला एकदाही डिवचलं नव्हतंस, हे त्या वेळी सुचलं नाही. तुझं शेवटचं काम माझ्यामुळे गेलं आणि ते परत देण्याइतका मोठा मी कुठल्याच धंद्यात झालो नाही. दिव्यांनी भरलेलं गोदाम आहे माझ्याकडे. काय करू त्याचं?

कंबर मोडून पडलोय, वेळ भरपूर आहे, म्हणून जुनं ऐकत असतो. आणि एक गोष्ट आता ऐकू आली. मी दारामागे पालथा पडून डिमर वर-खाली करायचो, कुत्र्याचा श्वास म्हणून. मला तर काही दिसत नव्हतं. मग मी कुणाच्या श्वासाबरोबर हात हलवत होतो? तिथे श्वास घेणारा एकच प्राणी होता. लोकांनी कुत्र्याचा म्हणून जो ऐकला तो तुझा होता, आणि बक्षीस मी घरी नेलं.

चल, अर्धं अर्धं करू. कुत्रा दोघांचा. श्वास तुझा, अंग माझं. एवढं तरी मला राहू दे.

एकच विचारायचंय. ज्या दिवशी त्या बाईंनी पाय वर घेतले, त्या दिवशी मी तापाने घरी होतो. माझं सगळ्यात चांगलं काम मी पाहिलंच नाही. सुताराला विचारलं तर तो नुसता 'झ्याक झाला' म्हणायचा आणि विषय बदलायचा. त्या दिवशी उजेड नक्की कसा होता रे? सांगू शकेल असा आता तूच उरलास. खरं सांग, खूश करायला नको.

तुझा,
दिवेवाला

*

२४ मे

दिवेवाल्या,

अक्षर मुलीचं, बोलणं माझं. मध्येच 'बाबा, असं नको लिहूया' म्हणते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

पत्र तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा राग आला, पण या वयात राग फार वेळ उभा राहत नाही, त्याचेही गुडघे गेलेत. तू सल्ला दिलास तो चुकला. मीही पहिल्याच दिवशी पोरीला सांगायला हवं होतं की मला दिसत नाही. तिने शेगडीसारखं काहीतरी ठेवलं असतं, आणि आज आपण ही पत्रं लिहीत नसतो. मला वाटलं, निभावून नेईन. नटाला नेहमी वाटतं, निभावून नेईन. काम गेलं ते गेलं. वाईट वाटतं, नाही असं नाही. अजून चार वाजले की अंग तयार होतं, तालमीला जायचं म्हणून. मग मुलगी चहा देते.

तुझा दिवा अजून मस्त तापतो. त्या दिवशी त्याच्यापुढे बसलो तर गालाने ओळखलं त्याला. सत्काराची आठवण काढलीस असं भाची म्हणाली. मी चपला शोधत नव्हतो रे. चपला पायातच होत्या.

अर्धं अर्धं कर म्हणतोस, कर. मला वाटणी नको होती कधी. तू विंगेत येऊन चहा घ्यायचास ते बंद झालं, ते मला नको होतं. हाड जुळलं की ये. रस्ता तू बघ, पायऱ्या मी सांगतो.

तुझा,
खर्ज्या

ता. क. विचारलंस ते राहिलं. सुताराला मी शब्द दिला होता, पण तो बिचारा मागल्या वर्षी गेला, तेव्हा आता सांगायला हरकत नाही. दुपारी पुसताना त्याच्या हातून बल्ब फुटला. तसला दुसरा त्या दिवशी बाजारात मिळेना. तो रडायला लागला, म्हणाला दिवेवाला मला जिवंत ठेवणार नाही. मी म्हटलं, जाऊ दे, पडदा उघड. डोळे तेव्हा चांगले होते, स्टुलाच्या डावीकडे फरशीला एक तडा होता, त्याच्याशी बोललो. त्या बाईंनी पाय वर घेतले, ते खरं आहे, मी पाहिलं. रात्री तुला बातमी कळवली तर तू उठून बसलास आणि चहा मागितलास, असं वहिनी म्हणाल्या, म्हणून पुढे बोललो नाही. त्या प्रयोगाला तुझा दिवा लागलाच नव्हता.